तालुक्याचे न्यूज चॅनल कसे काढावे?

वर्तमानपत्र काढायचे तर शीर्षक मंजूर करून घ्या, कागद आणा, छापखान्याची उधारी सांभाळा. यूट्यूब चॅनलला मोबाइल आणि बूम पुरतो. नावात 'महाराष्ट्र' आणि 'चोवीस तास' हे शब्द हवेतच, मग तुम्ही रात्री नऊला झोपत असलात तरी हरकत नाही. बूमवरचा लोगो मोठा करून घ्या. आमदारांच्या पत्रकार परिषदेत टेबलावर बूमच बूम असतात. प्रश्न कोणी विचारला हे कुणाला आठवत नाही, लोगो दिसतो.

आता बातमी. पाणीपुरवठा योजनेतला घोळ काढायचा तर माहिती अधिकारात अर्ज टाकून तीस दिवस वाट पाहावी लागते. तेवढ्यात बिबट्या निघतो. बिबट्या घ्या. व्हिडिओतला बिबट्या आपल्याच शिवारातला असावा, असा हट्ट धरू नका.

पत्रकारितेच्या वर्गात कोण, काय, कुठे, केव्हा हे पहिल्या परिच्छेदात सांगायला शिकवतात. तुम्ही 'काय' शेवटच्या मिनिटापर्यंत दाबून ठेवा. जाहिरातीतला वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात पाहिलेले 4000 तास लागतात, आणि उत्तर आधीच कळलेला माणूस थांबत नाही. म्हणून थंबनेलवर लाल बाण, लाल गोल आणि 'पुढे जे घडले ते पाहून…'. पुढे काही घडले नसेल तर पार्श्वसंगीत वाढवा.

तोवर घर चालवायला भाऊंचा वाढदिवस आहेच. इथे एकट्या नव्या माध्यमाला नावे ठेवणे बरे नव्हे. जिल्हा पुरवणीचा वार्ताहरही बातमीच्या मानधनापेक्षा शुभेच्छांच्या जाहिरातींच्या कमिशनवरच जगत आला. पण त्याची बातमी आणि वाचक यांच्यामध्ये उपसंपादक नावाचा एक चिडका माणूस बसलेला असे. रात्री दहाला तो फोन करी : "पोलिसांशी बोललास का? मग बातमी उद्या." तुमच्यात आणि गावात असा कुणी उरलेला नाही. व्हिडिओ टाकला की पाहणाराच विक्रेता होतो, आणि तो पाहण्याआधीच पुढे ढकलतो.

'मुले पळवणारी टोळी आली आहे' हा मजकूर असाच व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होता. 1 जुलै 2018 रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. टोळी नव्हतीच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पाच ठिकाणी. आपल्याकडे एकेका ग्रुपमध्ये अख्खी आळी असते.

तेव्हा 'अशी चर्चा आहे' हे तीन शब्द वापरताना बाजारचा वार कोणता, हे आधी पाहून घ्यावे.

चूक निघालीच तर वर्तमानपत्रासारखा खुलासा छापायची गरज नाही, व्हिडिओ उडवता येतो. लोकांच्या मोबाइलमध्ये उतरलेला उडत नाही, पण तो आता तुमचा कुठे राहिला? तरीही कुणी जाब विचारायला आला, तर 2021च्या आयटी नियमांत सोय आहे : डिजिटल बातम्या देणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावा आणि त्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यावा. मेहुण्याला नेमा. फक्त दुबईतला मेहुणा चालणार नाही, अधिकारी भारतातच असावा असे नियमांत म्हटले आहे.