उजेड कुठं पाडायचा?

गोठ्याशेजारी वाढलेल्या पिढीनं आपली लग्नं शहरातल्या मंगल कार्यालयांत लावली; तिच्या लेकरांना आता लग्न गोठ्यात लावायचंय. टेंभुर्णीच्या शेतातला आमचा पत्र्याचा गोठा पाहून भाची म्हणाली, "मामा, कसला रस्टिक आहे हा!" गंजलेले पत्रे बदलायला तिच्या आजोबांनी पैसे बाजूला काढले होते. ते वाचले, आणि लगोलग दिव्यांवर खर्ची पडले.

मुहूर्त गोरज. म्हणजे गुरं परतायची, खुरांनी धूळ उडायची वेळ. आमची गुरं मात्र दोन दिवस चुलत्यांच्या वस्तीवर धाडायची होती. धूळ उडवण्याचं काम वऱ्हाडाच्या गाड्यांकडं. मे महिन्यात आमच्याकडं सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, आणि पत्रिकेतल्या वेळेवर लग्न लागल्याचं गावात कुणाला आठवत नाही. तेव्हा मंगलाष्टका अंधार पडल्यावरच होणार, हे पंचांगात लिहिलेलं नसलं तरी धरून चालावं लागतं.

पुण्याच्या डेकोरेशनवाल्याला आधी गाव समजावून सांगावं लागलं. टेंभुर्णी म्हटलं की पुणेकरासमोर सोलापूर हायवेवरचं, माढा तालुक्यातलं टेंभुर्णी येतं. आमचं ते जाफराबाद तालुक्यातलं, जिल्हा जालना. दोन्हींत अडीचशेहून जास्त किलोमीटर. टेम्पो चुकला तर नवरी इकडं आणि उजेड तिकडं.

मग त्यानं मोबाइलवर फोटो पाठवले. काचेच्या बरण्यांत कोंबलेल्या माळा, दोरखंडाला टांगलेले एडिसन बल्ब, ओळीनं ठेवलेले कंदील. एडिसन बल्बात पिवळी तार मंदपणे तेवत राहते. उजेड कमी, भाडं जास्त. आजोबांनी चष्मा लावून फोटो न्याहाळला. "हा तर आपला धुरानं काळवंडलेला चाळीसचा गुलोप. याला पुण्याहून माणूस कशाला?" कंदिलाचं भाडं ऐकल्यावर ते उठले आणि माळ्यावरचा, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील खाली काढून पुसायला बसले. लग्न संपेपर्यंत त्यांनी तो कुणाच्या हाती दिला नाही.

खरी पंचाईत दुकानात. "वॉर्म पाहिजे का कूल?" एवढाच प्रश्न, पण त्यामागं अख्खं पदार्थविज्ञान उभं आहे. दिव्याचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळट ऊबदार दिवा २७०० ते ३००० केल्विनचा, आणि निळसर पांढरा ६५०० चा. वस्तू जितकी जास्त तापवावी तितका तिचा उजेड निळ्याकडं झुकतो आणि डोळ्यांना गार वाटतो. नवरदेवाच्या वडलांचंही तसंच: आतून जितके तापलेले, तितका चेहरा थंड. आम्ही बोहल्यासाठी पिवळे घेतले. हळद लागलेली नवरी ६५०० केल्विनखाली उभी केली, तर वऱ्हाडातला एखादा कावीळ उतरवणारा पुढं सरसावायचा.

आहेराच्या टेबलावर मात्र पांढराशुभ्र उजेडच हवा. तिथं वही घेऊन बसलेल्या माणसाला मंद, स्वप्नाळू प्रकाश देऊन चालत नाही. एकशे एक आणि एक हजार एक यांत एका शून्याचा फरक. पुढची वीस वर्षं भावकीतलं देणंघेणं त्या शून्यावर चालतं. रुखवताचंही तेच. ज्या बायकांनी महिनाभर खपून तो मांडला, त्यांना बरणीतला काजवा दाखवून भागत नाही. तिथं फोकस लागतो, आणि तो कुणाच्या ताटावर जास्त पडला याचीही नोंद होते.

पंगतीचा दिवा सगळ्यांत नाजूक विषय. पहिल्या पावसाची सर पडून गेली की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर निघतात. त्यांच्यासाठी कृषी खातं प्रकाश सापळा लावायला सांगतं: वर दिवा, खाली टबात पाणी आणि थोडं रॉकेल. लग्नघरी आपण हुबेहूब हेच करतो. वर हॅलोजन, खाली वरणाच्या बादल्या. फक्त रॉकेल तेवढं घालत नाही. पाखरू दिव्यावर जीव ओवाळून टाकतं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. २०२४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांच्या चमूनं वेगवान कॅमेऱ्यांनी पाहिलं, तर मामला प्रेमाचा निघाला नाही. किडे उडताना पाठ उजेडाकडं ठेवतात, कारण रात्री उजेड म्हणजे आभाळ. खालीच दिवा भेटला की बिचारे पाठ वळवत वळवत त्याच्याभोवतीच गरगरत राहतात. पिवळ्या दिव्याकडं ते कमी येतात. म्हणून पंगतीवर पिवळे दिवे, आणि एक पांढरा दिवा लांब बांधावर, खास पाखरांच्या पाहुणचारासाठी.

इतकं झाल्यावर भाचीनं नकाशा काढला, आणि जिथं दिवा नाही तिथं तिथं नवा दिवा दाखवू लागली. इथं माझं तिचं वाजलं. कडब्याच्या गंजीजवळ दिवा नको, हे तिला लगेच पटलं. तारेचा जुना बल्ब विजेच्या दहातल्या नऊ हिश्शांची नुसती उष्णता करतो, आणि कडब्याला ठिणगी पुरते. पण निंबाखालीही दिवा नको, हे पटवायला वेळ लागला. लग्नात कुणीतरी रुसतं. रुसलेल्या माणसाला थोडा अंधार लागतो. भर हॅलोजनमध्ये धड रुसता येत नाही आणि समजूत तर मुळीच निघत नाही. पाठवणीच्या वेळी नवरीच्या बापाला घडीभर पाठ फिरवून उभं राहायला जागा लागते. पहिल्या पंगतीला जेवून दुसऱ्यांदा बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही. कुठं उजेड पाडायचा हे कुणीही सांगेल. कुणाला अंधार ठेवायचा, हे घरच्याच माणसाला ठाऊक असतं. निंब वाचला.

राहिला विजेचा प्रश्न. शेतातल्या लाइनला थ्री फेज आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्री; तिच्या भरवशावर सप्तपदी सुरू करणारा माणूस शूर म्हणायचा. म्हणून जनरेटर.

पूर्वी वरातीत गॅसबत्त्या असत. ऑस्ट्रियाच्या वेल्सबाखनं १८८५ साली शोधलेली ती मेंटलची जाळी, जळून राख झाल्यावरच लख्ख उजळणारी आणि बोट लागताच विस्कटणारी. ती बत्ती डोक्यावर घेऊन बायामाणसं घोड्याच्या दोन्ही बाजूंनी चालत. अख्ख्या गावाला नवरदेव दिसे तो त्यांच्यामुळं. त्यांचा चेहरा मात्र कुठल्या फोटोत सापडत नाही. आज ती जागा जनरेटरवाल्यानं घेतलीय. गोठ्यामागं, धुरात, कानाला रुमाल बांधून तो मशीनजवळ बसतो, आणि शेवटच्या पंगतीलाही त्याला हाक मारायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

दिव्यांचा सल्ला मागायला आता बरेच जण येतात. वॉर्म घ्या, पाखरांना बांधावर पाठवा, निंबाखाली काही लावू नका, हे मी सगळ्यांना सांगतो. पण आधी एक सांगतो: पहिलं ताट जनरेटरवाल्याला वाढा.