साजूक तुपाची झडती

आमचे अण्णा सांगलीत बत्तीस वर्षं मास्तर, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापक. दहावीच्या परीक्षेला केंद्राच्या दारात उभं राहून त्यांनी पोरांचे मोजे, पट्टे, कंपासपेट्या, एकदा तर एकाचा प्लास्टरमधला हातसुद्धा तपासला होता. त्याच अण्णांना मुंबईच्या विमानतळावर सीआयएसएफचा जवान "सर, जेब खाली कीजिए" म्हणाला आणि अण्णांचा चेहरा बोर्डाच्या अध्यक्षालाच कॉपी करताना धरल्यासारखा झाला.

"आम्ही काय अतिरेकी दिसतो?" हे ते माझ्याकडे बघून, पण जवानाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलले.

रांगेतल्या सगळ्यांचंच म्हणणं हे असतं. पुढच्याला कसून तपासा, मागच्याला तर मुळीच सोडू नका, आम्हाला तेवढं जाऊ द्या. 1999 मध्ये कंदाहारच्या विमान-अपहरणाचं प्रकरण टीव्हीवर बघताना "सिक्युरिटी झोपली होती काय!" म्हणून हेच अण्णा कडाडले होते. पुढे 2000 च्या फेब्रुवारीत जयपूरपासून सुरुवात होऊन एकेक विमानतळाची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय दलाकडे गेली. म्हणजे समोरचा जवान एका अर्थी अण्णांच्याच मागणीवरून तिथं उभा होता.

तेवढ्यात आईच्या पिशवीतून तुपाची बरणी निघाली. अर्धा किलो, घरी कढवलेलं, दुबईच्या ताईसाठी. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानात पातळ पदार्थ शंभर मिलीच्या वर चालत नाहीत. 2006 मध्ये लंडनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला, त्याचं प्रायश्चित्त सांगलीची म्हैस अजून घेते आहे.

"ये पतला नहीं है," अण्णांनी वर्गावरचा आवाज लावला. "थिजा हुआ है!" आणि बरणी उलटी धरून दाखवली. रात्रभर एसी गाडीत बसून तूप खरंच दगड झालं होतं. "हिलता है क्या?"

जवानानं बरणी शांतपणे न्याहाळली. "सर, टूथपेस्ट भी नहीं हिलता."

मुख्याध्यापक निरुत्तर झालेले मी प्रथमच पाहिले. जवान हसला, पण किंचितच. या दलानं प्रवाशांकडे बघून भरघोस नव्हे, पुरेसं हसायचं ठरवलंय, अशी बातमी 2018 मध्ये वाचली होती. पुरेसं म्हणजे किती, ते त्या दिवशी कळलं.

अण्णा हात पसरून चौथऱ्यावर चढले, चौरंगावरच्या मुंजमुलासारखे. उतरल्यावर त्यांचा राग घालवावा म्हणून मी सांगितलं की एक्स-रेच्या पडद्यावर मधूनच खोट्या पिस्तुलाचं चित्र टाकतात, बघणारा जागा आहे का हे तपासायला.

"म्हणजे सुपरवायझरवरही सुपरवायझर!" अण्णा एकदम खुलले. मग बराच वेळ लांबून ती झडती बघत राहिले, परीक्षा केंद्राला भेट द्यायला आल्यासारखे.

आई बायकांच्या झडतीच्या पडद्याआडून आली ती तिथल्या जवान मुलीची सगळी माहिती घेऊनच. गाव ओडिशातलं, नोकरीला तीन वर्षं, सकाळपासून उभी. "लाडू दिला तर घेईना. ड्यूटीवर चालत नाही म्हणाली."

अण्णांनी निकाल दिला : "पद्धत चोख आहे. माझ्या पँटीच्या चोरखिशात हात घातला नाही, त्याचा एक मार्क कापला."

तूप मात्र गेलं ते गेलंच.