स्लो मोशनचा उन्हाळा

जेऊरच्या नागराज मंजुळेंनी २०१६ मध्ये ‘सैराट’मधून करमाळ्याची रानं पडद्यावर आणली. त्यातल्या आर्चीनं बुलेट चालवली, ट्रॅक्टरही चालवला. आमच्याकडे उचलला गेला तो मात्र स्लो मोशन. आता लग्नसराईत उजनीच्या काठावर ‘प्री-वेडिंग’ रंगतं. नवरीच्या गाऊनचा लांबलचक घोळ वेड्या बाभळीच्या काट्यांत, नवरदेव मे महिन्यात मखमली शेरवानीत! (ट्रॅक्टर असतो, त्यावर बसायचं, चालवायचा नाही.) पारा चाळिशीपार. फोटोग्राफर ओरडतो, ‘नॅचरल हसा!’ घाम पुसायला अर्थात भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टॉवेलच लागतो. तेवढा फ्रेमबाहेर ठेवायचा. गावठी दिसतो ना!