भविष्यकाळाच्या कंत्राटदारास खुले पत्र

श्रीयुत अंतर्सज्जाकार महाशय यांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मालवण तालुक्यातील आमच्या काजू कंपनीच्या कचेरीचा कायापालट करण्यासाठी संचालक मंडळाने आपणांस मुंबईहून पाचारण केले, ते कार्य नुकतेच सिद्धीस गेले. आणि कीर्द-खतावणीपलीकडे ज्याचा सौंदर्यशास्त्राशी कधी संबंध आला नाही अशा एका हिशेबनिसानेही आपले जाहीर आभार मानावेत, हे उचित वाटल्यावरून हा खलिता सादर करीत आहे. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर आणि पुढे ऐसपैस पडवी, अशा ज्या इमल्यात आम्ही आजवर निश्चिंतपणे बसत आलो, तो भूतकाळ होता, हे आपण पाडून दाखविल्याखेरीज आमच्या ध्यानातच आले नसते.

प्रथम दरवाजाविषयी. 1664 सालच्या नोव्हेंबरात समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तेव्हा त्याचे महाद्वार तटाच्या वळणाआड अशा खुबीने दडविण्यात आले की अगदी जवळ जाईतो ते शत्रूच्या दृष्टीस पडू नये. आपण तीच युक्ती गिऱ्हाइकांविरुद्ध योजिली आहे. भिंतीच्याच शुभ्र रंगात बुडविलेला, मूठ नसलेला आणि हात हालविल्यास स्वेच्छेने उघडणारा तो दरवाजा शोधीत, ऐन वैशाखात काजूबियांची पोती घेऊन आलेले बागायतदार भिंत चाचपत उभे राहतात. डोक्यावरच्या पाटीला दोन्ही हात गुंतलेल्या बायांनी तो कोणत्या हाताने उघडावा, याचा खुलासा आराखड्यात सापडत नाही. एकदाचे आत आल्यावर दुधासारखा पांढरा स्वागतकट्टा लागतो. काजूच्या टरफलातील तेलाने काळवंडलेले हात हाच ज्या धंद्याचा शिक्का, त्या धंद्यास हा रंग निवडण्यात आपला जो उदात्त हेतू असेल, त्याचे आकलन आमच्या झाडूवाल्या काकूंना अद्याप झालेले नाही. रोकड मिळेपर्यंत माणसे ज्या पडवीत टेकत आणि गजाली करीत, ती पडवी ‘निरुपयोगी क्षेत्र’ म्हणून आपण निकालात काढल्यामुळे एका वृद्ध बागायतदाराने परवा सर्वांदेखत विचारले, “हयसर माणसान बसाचा खंय?” प्रश्न अडाणी होता, म्हणून मी त्याची बारनिशीत नोंद केली नाही.

पश्चिमेची भिंत काढून तेथे जमिनीपासून छतापर्यंत आपण जी अखंड काच बसविली, तिचे गुणवर्णन करावे तितके थोडे. ज्या दिशेच्या पावसाची झड अडविण्यासाठी येथले लोक दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी चुडतांचे आडोसे बांधीत आले, नेमकी तीच दिशा सूर्यास्ताच्या शोभेसाठी मोकळी करण्याचे धैर्य सामान्य बुद्धीला झाले नसते. त्या काचेतून येणारे ऊन शमविण्यासाठी वातानुकूलन आहे. वातानुकूलनासाठी वीज आहे. आणि 2021 सालच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरची वीज कित्येक दिवस कशी गायब केली होती, ते आपल्या सादरीकरणाच्या दिवशी कोणास आठवले नाही, हे एका अर्थी बरेच झाले. लोखंडी चौकटींना मात्र आताच तांबूस छटा येऊ लागली आहे. ती मूळ रंगयोजनेत होती किंवा कसे, याचा खुलासा व्हावा; कारण राजकोटावर 26 ऑगस्ट 2024 रोजी शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला त्यानंतर, गंजलेल्या नटबोल्टांविषयी या गावात कोणी हसून बोलत नाही.

कौले उतरवून घातलेल्या सपाट छताबद्दल आपणांस दोष देणारे अज्ञ आहेत. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट या महापुरुषाने जॉन्सन कंपनीसाठी 1939 साली उभारलेल्या जगद्विख्यात कचेरीचे काचनळ्यांचे छतही गळत असे, आणि त्याने घडविलेल्या तीन पायांच्या खुर्च्यांवरून कारकून कोलमडत. परंपरा थोर आहे. फक्त तेथे मालवणचा आषाढ नव्हता.

सर्वांना एकाच दालनात बसविणे ही उद्याची कार्यपद्धती, असे आपण आम्हांस बजाविले होते. मात्र त्याच राइटसाहेबांनी बफेलो येथील लार्किन कंपनीच्या कारकुनांना 1906 सालीच तसे बसविले होते, अशी आमच्या ग्रंथालयातील एका पुस्तकाची साक्ष आहे. ज्याचे त्याचे टेबल नाहीसे करण्याची आपली दुसरी तजवीज तुलनेने ताजी. शायट-डे नामक जाहिरात कंपनीने 1994 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ती अमलात आणली, खासगी मसलतीसाठी जत्रेतल्या गरगर फिरणाऱ्या खेळाच्या गाड्या आणून ठेविल्या आणि काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळला. आपले दोन अंडाकृती कक्ष पाहून मला त्या गाड्यांचे स्मरण झाले. त्यांच्यात दोघे बसले की एकाचा कुजबुजलेला शब्द दुसऱ्याच्या कानात घुमतो, त्यामुळे उधारीचा तगादा लावण्यास ते उत्तम ठरले आहेत, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

परमुलखातून येऊन या किनाऱ्यावर कंपनीची कचेरी थाटणारे आपण पहिले नव्हेत. डचांनी 1637 च्या सुमारास वेंगुर्ल्यास वखार घातली. ते बिचारे नुसते व्यापारी. त्यांना भविष्यकाळाचे ज्ञान नव्हते, म्हणून त्यांनी जाडजूड भिंती बांधल्या. त्यांची कंपनी 1799 साली विसर्जित झाली, वखारीच्या भिंती मोडकळीस येऊनही अद्याप उभ्या आहेत. कंपनीपेक्षा इमारत अधिक टिकावी, हा नियोजनातील दोषच म्हणावयाचा. आपल्या हातून तो घडलेला नाही.

आता दोन किरकोळ बाबी. जुनी दफ्तरे ठेवण्यासाठी आराखड्यात कोठेही कपाट नसल्याने ती तूर्त एका अंड्यात रचली असून, त्यांना बुरशी लागल्यास कोणास जबाबदार धरावे ते लेखी कळवावे. शिवाय आपल्या अंदाजपत्रकात ‘पावसाळी देखभाल’ या कलमापुढील रकाना कोरा आढळला. तो भरून आल्याखेरीज अखेरच्या हप्त्यास मंजुरी देऊ नये, असा खजिनदारांचा हुकूम आहे. आणि ते सध्या छत्री उघडून आपल्या जागी बसलेले असल्यामुळे, त्यांच्याशी या विषयावर हुज्जत घालण्याची माझी छाती होत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
हिशेबनीस