स्वतंत्र झालेले सर

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण साऱ्या मराठवाड्याला पाठ आहे. आमच्या सरांनी तिला पुढचा एक मुक्काम जोडला: परभणीतही नाही बनली, तर झरी.

सर समुपदेशक. गावाच्या भाषेत ‘टेन्शनचे डॉक्टर’. परवापर्यंत परभणीत चौघांच्या केंद्रात बसत. पाचशे रुपये फीतले साठ टक्के केंद्राचे, चाळीस सरांचे. ‘माणूस रडतो माझ्यापुढं, रुमाल देतो मी, आणि साठ टक्के कशाचे? खुर्चीचे?’ या एका प्रश्नाने त्यांची स्वतःचीच झोप उडाली. शेवटी त्यांनी झरी गावात, जिंतूर रस्त्याला गाळा घेतला. एका अंगाला मोबाइल दुरुस्ती, दुसऱ्या अंगाला कृषी सेवा केंद्र. पाटी लावली: ‘एका वेळी एकच व्यक्ती.’

स्वतंत्र झालेला माणूस एकटाच अख्खं ऑफिस असतो. फोन वाजला की सर बारीक आवाजात म्हणतात, ‘थांबा, सरांना देतो.’ मग फोनवर हात ठेवून पाचपर्यंत मोजतात आणि घोगऱ्या आवाजात म्हणतात, ‘हं, बोला.’ सकाळी झाडलोट करताना मात्र शटर अर्धंच वर असतं.

भिंतीवर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तेविसावं कलम फ्रेम करून लावलंय: गोपनीयतेचा हक्क. त्याखाली टेली-मानसचा १४४१६ हा नंबर. सल्ला फुकट, चोवीस तास. ‘स्वतःच्याच धंद्यावर धोंडा कामून पाडून घ्यायलाव?’ असं कुणी विचारलं की सर म्हणतात, ‘रात्री दोनला मी झोपलेला असतो, तो नंबर जागा असतो.’ सरांचं एवढं एक वाक्य मात्र कुणी हसण्यावारी नेत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून सरकारला २०१५ साली विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू करावा लागला, तो काही हौसेने नव्हे.

गावाची तक्रार वेगळीच. ‘सुई न्हाई, गोळी न्हाई, आन् नुस्तं बोलायचे पाचशे?’

तरी एकदा जीप थांबली. उतरले सहा जण. ‘पेशंट कोण?’ पाच बोटं सहाव्याकडे. सरांनी पाटी दाखवली, पाचांना बाहेर बसवलं, दार लावलं. आता दोघांच्या मध्ये टेबल आणि दोघांच्या नि बाकीच्यांच्या मध्ये प्लायवूड. तेही छताला दोन हात कमी.

‘कर्ज किती?’ सरांनी हळूच विचारलं.

‘दोन लाख.’

‘खोटं बोलायलाय, सर!’ प्लायवूडवरून सासऱ्यांचा आवाज आला. ‘चार हायेत!’

‘त्यात माझे तीस हजार धरले का?’ कृषी सेवा केंद्राचे मालक आपल्या गल्ल्यावरून ओरडले.

सरांनी तेविसाव्या कलमाकडे बघितलं. गडी मात्र खाली मान घालून बसलेला. मग अंगावरून पोतं उतरावं तसा श्वास सोडून म्हणाला, ‘पाच हायेत. बायकोला ठाऊक न्हाई.’

बाहेर सगळे गप्प. थोड्या वेळाने बायकोचा आवाज आला, ‘ठाऊक हाय. जेवायला चला आता.’

तासाभराने जीप गेली. फी सोयाबीन निघाल्यावर. सर नोंदवही उघडतात तोच शेजारचे मालक चहा घेऊन आले.

‘केस आपण दोघांनी मिटवली, सर. मग साठ-चाळीस करायचं का?’