लई उकडायलंय की!

सोलापूरच्या चादरीचं जसं नाव आहे, तसंच सोलापूरच्या उन्हाचंही आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणाऱ्या गावानं जाडजूड पांघरूण विणून नाव का कमवावं, हे कोडं आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पडतं. टॉवेलचं समजू शकतो, घाम पुसायला काहीतरी लागणारच. पण चादर? माझा आपला समज असा, की जी वस्तू स्वतःला वापरायची नसते ती माणूस दुसऱ्यासाठी फार मन लावून करतो.

एप्रिल लागला की संध्याकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आज किती?’ किती काय, हे विचारावं लागत नाही. त्रेचाळीस ऐकलं की ऐकणारा कपाळाला हात लावतो, पण चेहऱ्यावर बारीकसं समाधानही असतं. अकोला नाहीतर चंद्रपूर आमच्या पुढं निघालं की ते समाधान जातं. सोसायचंच आहे, तर बातमीत पहिलं नाव तरी आपलं यावं! दुपारी नव्या पेठेत कुत्रंसुद्धा फक्त सावली बदलण्यापुरतं हलतं. ज्यांना बाहेर पडावंच लागतं ते डोक्याला उपरणं, कानाला रुमाल आणि खिशात कांदा अशा तयारीनं निघतात. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, असं आमच्या आईचं ठाम मत. उन्हाचं मला सांगता येणार नाही, पण सिटी बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते आणि वारा चांगला लागतो.

तरी ऊन दिलेला शब्द पाळतं. पावसाचं तसं नाही. मोसमी वारे सह्याद्री चढताना महाबळेश्वरात खिसे रिकामे करतात आणि आमच्याकडं हात हलवत येतात. आमची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरची त्याच्या दहापट. त्यात सरासरी हीही कागदावरचीच. जून ते ऑगस्ट आभाळ नुसतं भरून येतं, चौकशी करून जातं, आणि हस्त नक्षत्रात दोन रात्रींत सगळी बाकी चुकती करतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी माढा-मोहोळच्या गावांत शिरलं, तेव्हा मात्र कुणाला विनोद सुचला नाही. मलाही त्यावर सुचत नाही.

पावसाचा हा स्वभाव पुरता ओळखून असलेलं पीक म्हणजे मालदांडी ज्वारी. परतीच्या पावसानं काळ्या रानात मुरवलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती येते. वरून पाणी मागत नाही, तक्रार करत नाही. तिची कडक भाकरी आमच्या कोरड्या हवेत कितीही दिवस कुरकुरीत राहते. कोकणात नेली तर दुसऱ्याच दिवशी शरण येते. शेंगाचटणी लावून कडक भाकरी मोडताना जो आवाज होतो, त्यासाठी मी हवेचे बाकीचे सगळे गुन्हे माफ करायला तयार आहे.

अशा पावसाचं भाकीत करणार कोण? सोलापुरात ती जबाबदारी परंपरेनं एका वासरावर आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर होम होतो आणि त्या रात्री भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, गाजर, बोरं मांडतात. ते ज्याला तोंड लावील ते महागणार. त्यानं मूत्र टाकलं तर पाऊस चांगला. बुजलं तर वर्षात काहीतरी विपरीत. कशालाच तोंड लावलं नाही तर भाव स्थिर. एवढ्या गर्दीत, एवढ्या उजेडात बिचाऱ्याची भूकच मेली असेल, ही शंका कुणी काढत नाही. मीही काढत नाही, कारण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मी आधी तीच बातमी शोधतो.

पुढं शास्त्रही आलं. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, तो आमच्याच आभाळात. ढग येतात पण मन मोकळं करत नाहीत, असं गाव त्यांना हवं होतं. मग दुसरीकडं जातील कशाला? रडार आलं, विमानं आली, २७६ ढग निवडले गेले. काहींत कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या जाळल्या, काही तुलनेसाठी तसेच सोडले. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आला: परिस्थिती अनुकूल असेल तर पाऊस अठरा टक्क्यांनी वाढतो, खर्च लिटरमागं अठरा पैसे. हे वाचून आमच्या गल्लीत तत्काळ एकमत झालं, की आपल्या डोक्यावरचे सगळे ढग तुलनेचे होते.

पुण्यातला भाचा दर मे महिन्यात फोन करतो. ‘मामा, या की इकडं कायमचे. काय ठेवलंय तिथं?’ एकदा जाऊन राहिलो. हवा उत्तम. पण तिथं हवेबद्दल कुणी बोलतच नाही. लिफ्टमध्ये माणसं मोबाइलकडं बघत उभी. सोलापुरात बसमध्ये अनोळखी माणसाला ‘काय हो, लई उकडायलंय की!’ एवढं म्हटलं, की तो सरकून जागा देतो आणि सात रस्ता येईतो त्याच्या मुलीचं लग्न कुठं अडलंय हेसुद्धा आपल्याला कळतं. आमच्या गल्लीत बारशाची तारीख ठरते ती पंचांग बघून नव्हे, पाण्याचा दिवस बघून. नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि आला की अबोला धरलेल्या जावासुद्धा ‘आलं का गं तुमच्याकडं?’ असं विचारतात. तिथल्या गार हवेत हा जिव्हाळा कुठून यायचा?

शिवाय पुण्याशी आमचं नातं भाच्यामुळं नाही, उजनी धरणामुळं आहे. सोलापूरला प्यायचं पाणी मिळायचं, तर पाऊस पुण्याकडं पडावा लागतो. तिकडं भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या खोऱ्यांत कोसळलं, की ते पाणी दौंडवरून उजनीत येतं. उजनी ११७ टीएमसीची, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. म्हणून उन्हाळ्यात डोळ्यांना पाणी दिसत असतं आणि पेपरात धरण ‘मायनस’मध्ये गेलेलं असतं. जुलैमध्ये ‘प्लस’ झालं, की लोक एकमेकांना पास झाल्यासारखी बातमी देतात.

त्याच जुलैत भाच्याचा पुन्हा फोन येतो. आवाज रडवेला. ‘मामा, दोन दिवस थांबेना झालाय. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, गाडी बंद पडलीय, ऑफिसला जाता येईना.’

मी ‘अरेरे’ म्हणतो. मनापासून म्हणतो, सख्खा भाचा आहे. गाडीला धक्का मारू नको, मेकॅनिकला बोलाव, पाय कोरडे ठेव, असं सगळं रीतसर सांगतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको हातानं खुणा करायला लागते, आणि मग मलाही राहवत नाही.

‘बाकी ते असू दे रे. दौंडचा विसर्ग किती सांगितलाय?’