जम्प देऊनही गाडी न उठल्यास : एक शास्त्रोक्त निदानविधी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडं दिसलं की माणसं जमतात आणि त्यांत नाना असतातच. म्हणून प्रस्तुत विधी नानांच्या उपस्थितीतच पार पाडावयाचा आहे.

कलम १ : श्रवण. 'बॅटरीच गेली' हे निदान नानांनी जिना उतरतानाच जाहीर केलेलं असतं. प्रतिवाद करू नये; कान गाडीकडे ठेवावा. किल्ली फिरवल्यावर घाईघाईने टक-टक-टक-टक आलं, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही. एकच जाड 'टक्' येऊन सगळं गप्प झालं, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरीवर. सेल्फ झोकात फिरतोय पण इंजिन पकडत नाही? मग जम्प देणं थांबवा. पेट्रोल, स्पार्क किंवा किल्ली न ओळखणारा इमोबिलायझर बघा. आवाजच नाही, पण हेडलाइट लख्ख आहेत, तर ऑटोमॅटिकचा गिअर 'पी'मध्ये आहे ना, हे गुपचूप पाहून घ्यावं. नानांसमोर नको.

कलम २ : केबल. स्वस्तातली केबल बाहेरून करंगळीएवढी जाड दिसते. आत असतं ते मुख्यत्वे रबर. चिमटा लावल्यावर टर्मिनलवर थोडा फिरवून घासावा, दुसरी गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवावी आणि मगच सेल्फ मारावा. काळा चिमटा सगळ्यांत शेवटी, तोही उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला नाही, तर इंजिनच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे पडायला नको. नाना म्हणतात, "आम्ही जन्मभर मायनसलाच लावतो." नाना शाबूत आहेत, हे मान्य.

लाल-काळं उलटं लागलं असेल तर मुख्य फ्यूज बघा. अल्टरनेटरचे डायोडही गेलेले असू शकतात.

कलम ३ : मळ. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी हे निम्म्या दुखण्यांचं मूळ. दहा नंबरचा पाना घ्यावा. मायनस आधी सोडावा, लावताना शेवटी लावावा. गरम पाणी, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश. फेस येतो, प्रेक्षक खूश होतात. त्यानंतर जिथे कोणी बघत नाही तिथे बघावं : बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थची पट्टी. पावसाळ्यात तिचा बोल्ट गंजतो. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या धातूला धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, की चोर सापडला.

कलम ४ : आकडे. गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना आकडा 9.6च्या खाली कोसळला, तर नानांचा विजय जवळपास निश्चित. गाडी सुरू झाल्यावर 13.8 ते 14.5 मिळाले, तर अल्टरनेटर आपलं काम करतोय.

इथे नाना पुढे सरसावतात. "मीटर कशाला? चालू गाडीची बॅटरीची वायर काढ. बंद पडली तर डायनामो गेला!" फियाटच्या जमान्यात हे खपून जायचं. आजच्या गाडीत तसं केलं तर व्होल्टेज उसळून ईसीयू उडू शकतो आणि त्या पैशांत कितीतरी बॅटऱ्या येतील. या एका प्रसंगी वडीलधाऱ्या माणसाचा हात धरण्यास शास्त्राची परवानगी आहे.

खरं सांगायचं तर वैताग येतो हो. टॉर्च धरतात ती नेमकी आपल्या डोळ्यांवर. पण रात्री लुंगी सावरत, केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकून खाली उतरणारा माणूस अख्ख्या बिल्डिंगमध्ये हा एकच. बाकीचे ग्रुपवर अंगठा टाकून झोपतात.

कलम ५, अंतिम : दोष अर्थच्या बोल्टात निघाला तरी वर जाऊन "नाना, तुम्ही म्हणालात तेच निघालं" असं सांगावं. केबल त्यांची आहे, आणि तांब्याची आहे.